घळीतली रोपं

मावशीचं काम आग लावण्याचं. असं सांगितलं की ऐकणारा हसतोच. शेजारणीने तर हा विनोद वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरला. “घराघरांत आग लावणाऱ्या बायका ढिगाने पाहिल्या, पण त्याचा पगार घेणारी ही एकटीच!” मावशी चिडायची नाही. “तुझी फुकटातली, म्हणून ती विझत नाही. मला दुपारच्या आत विझवून हात धुवावे लागतात,” असं म्हणून ती शेजारणीकडचाच चहा पिऊन कामाला जायची.

गावाबाहेर उताराचा मोठा माळ होता. कमरेएवढं गवत, मधेच एखादं एकटं झाड, आणि पलीकडच्या अंगाला, जिथे डोंगर ढग अडवून धरतो, तिथे गच्च रान. माळ राखणाऱ्या खात्याची तिथे एक कचेरी होती. मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये खुंट्यांवर टांगलेले पाठीवरचे पंप, आग झोडपायच्या रबरी पट्ट्यांच्या काठ्या, आणि तेलाच्या मशाली. मशालीच्या नळीतून पेटतं तेल थेंब थेंब गळायचं आणि माणूस चालेल तशी त्याच्या मागे आगीची रेघ उमटत जायची. पावसाळा सरून गवत अर्धं पिवळं, अर्धं हिरवं झालं की माळाचा एकेक तुकडा ठरवून जाळायचा, हे मावशीच्या टोळीचं काम. टोळीत बहुतेक बायकाच होत्या. मावशी त्यांची मुकादम होती आणि तिच्यापेक्षा वयाने मोठ्या बायकाही तिला मावशीच म्हणायच्या.

नव्या पोरी पहिल्या दिवशी हबकायच्या. ज्या खात्याने राखायचं तेच खातं जाळतंय! मग मावशी त्यांना गवतात बसवून समजावायची. समजावताना तिचा आवाज भांडल्यासारखा चढायचा, कारण हळू बोलणं तिला जमतच नसे.

“गवताचा जीव मातीखाली असतो गं. वरचं जळलं तरी त्याचं काही बिघडत नाही. आगीचं वाकडं आहे ते रोपट्यांशी. रोपटं जोवर ज्वाळेपेक्षा बुटकं, तोवर ते तिच्या तोंडात. पण चार वर्षं आगच आली नाही की ते डोकं वर काढतं, साल जाड करतं. मग आग येऊन करणार काय? पायाशी घुटमळते आणि निघून जाते.”

“मग वाढू द्या की झाडं,” एखादी म्हणायचीच. “झाडं चांगलीच ना?”

“पलीकडे वाढलीत की! तिथे पाऊस धो धो पडतो. सावलीत गवत उगवत नाही, आणि गवत नाही म्हणून आग आत शिरत नाही. तिथे मी काडी घेऊन गेले तर मलाच जाळा. इथे तेवढा पाऊस नाही. इथे आग बंद केली तर रान होत नाही आणि माळही राहत नाही. काटेरी झुडपांचा नुसता गुंता माजतो, आणि उन्हाळ्यात तो पेटला की कोणाच्या बापाला आवरत नाही.”

एवढं बोलून ती मूठभर गवत उपटायची, कानाशी धरून चुरायची आणि आवाज ऐकायची. त्या आवाजावरून आज जाळायचं की नाही ते ठरे. पोरीही मग कानाशी गवत धरायच्या. त्यांना काही कळायचं नाही, पण मान डोलवायच्या.

मावशीच्या नवऱ्याचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. त्यांना सगळं गाव काका म्हणायचं. काका मुलखाचे मितभाषी. दोघांच्या वाटणीचं मावशीच बोलायची. त्यांना एकच नाद होता. खाल्लेल्या फळाची बी त्यांच्याने टाकवत नसे. खिडकीत, माळ्यावर, मोरीच्या कठड्यावर, जिथे म्हणून डबा मावेल तिथे रोपटं असायचं. “माझी मशाल रिकामी राहू नये म्हणून तुम्ही लावता वाटतं,” असं मावशी चिडवायची. काका नुसते हसायचे आणि डबा उन्हाच्या बाजूला सरकवायचे.

मुलगी एकच. तिचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. लहानपणी जिथे ठेवू तिथे ती लाकडी बाहुलीसारखी डोळे मोठे करून बसायची, म्हणून ती ठकी. पुढे पाय फुटल्यावर ती घटकाभर एका जागी ठरेना, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. शिक्षण संपवून तिने टोळीत यायचं ठरवलं, तेव्हा मावशीने घरात भांड्यांची आदळआपट केली, मेल्यांनो दुसरं काही सुचत नाही का म्हणून बापलेकीला एकत्र झोडपलं, आणि मग आपलेच जुने बूट घासूनपुसून तिच्या पुढ्यात ठेवले. मनातून ती हरखली होती. ते तिला लपवताही आलं नाही.

टोळीचा एक नियम होता. तो ठकीला चालायला लागल्यापासून पाठ होता. काही बिनसलं, वारा फिरला, आग अंगावर आली, तर काळ्यात जायचं. काळं म्हणजे नुकती जळून गेलेली जमीन. तिथे आगीला खायला काही उरलेलं नसतं, म्हणून तिथे माणूस सुखरूप. मावशीच्या आख्ख्या नोकरीत हा नियम कधी खोटा ठरला नव्हता.

पण पाऊस बिघडला. गवत वाळायच्या दिवसांत तो लांबायचा, झोडपत राहायचा, आणि थांबला की लगेच ऊन असं काही तापायचं की ओलं गवत बघता बघता कडकडीत व्हायचं. आधी जाळावं तर पेटत नाही, नंतर जाळावं तर आवरणार नाही. मधले ते शांत, दवाचे दिवस कुठे गेले कोणास ठाऊक. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. टोळी मशाली पुसून ठेवायची आणि आभाळाकडे बघत बसायची. घळीचा उतार तर कितीतरी हंगाम तसाच राहिला. तिथे झुडपांनी माणसाएवढी उंची गाठली.

घळ म्हणजे त्या उताराच्या मधोमध पाण्याने कोरलेली अरुंद चीर. दोन्ही बाजूंना तुटलेले कडे, म्हणून वर-खाली करायला टोळीला वाट ती एकच.

त्या उन्हाळ्यात खालच्या रस्त्याकडून आग आली. कशी लागली ते कधीच कळलं नाही. मावशी वर टोकाला उभी होती, जिथून सगळं दिसतं. ठकी पाठीवर पंप घेऊन घळीत होती. तिच्या खालच्या अंगाला घळीतलं गवत भराभर जळून गेलं, जमीन काळी पडली. झुडपं मात्र जागच्या जागी उभी होती, पानं नुसती होरपळून वाळलेली. तेवढ्यात खालच्या अंगाला आग पुन्हा उफाळली.

“काळ्यात जा,” मावशी वॉकीटॉकीवर ओरडली. “काळ्यात जा आणि थांब. हलू नकोस.”

“काळ्यातच आहे, आई,” ठकी म्हणाली. आवाज दमलेला होता, घाबरलेला नव्हता.

मावशीचा नियम गवताचा होता. गवत एकदा जळलं की संपलं. झुडपांत मात्र आग पहिल्या खेपेला खालचं खाते आणि वरचं पुढच्या खेपेसाठी वाळवून ठेवते. हे टोळीत कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या माळावर झुडपं अशी कधी माजलीच नव्हती. वारा फिरला. खालची ज्वाळा घळीत शिरली आणि काळ्या जमिनीवरून, झुडपांच्या शेंड्याशेंड्यांनी वर चढत गेली. वरून मावशीला सगळं दिसत होतं. ती पळ पळ म्हणून जिवाच्या आकांताने ओरडत होती, पण वॉकीटॉकीचं बटण तिने दाबलंच नव्हतं. हे तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने नंतर रडत रडत सांगितलं.

चौकशी झाली. दोष कोणाचाच नाही असं ठरलं. मावशीला तो निकाल शिवीसारखा लागला. ती कामावर गेली नाही, आणि तिची ती प्रसिद्ध जीभ टाळूला चिकटली. ठामपणे काही सांगणं तर तिने सोडूनच दिलं. दूध तापलं का विचारलं तरी म्हणायची, “तुम्हीच बघा.” शेजारीण येऊन बसायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि चहा तसाच ठेवून डोळे पुसत परत जायची.

काकांनी अन्न सोडल्यातच जमा होतं. मग एक दिवस त्यांनी घरातले सगळे डबे गोळा केले, सायकलला बांधले आणि घळीत जाऊन ती रोपं लावली. जिथे ठकी सापडली तिथपासून वर, वाटेच्या दोन्ही कडांना. रोज दुकान उघडायच्या आधी ते पाण्याचे दोन कॅन घेऊन उतार चढायचे. परत आल्यावर त्यांना भूक लागायची. आणि हे आयुष्यभर मुके असलेले गृहस्थ जेवता जेवता बोलायला लागले. वरच्या अंगाचं आज सरळ उभं राहिलं. एकाला किडीने धरलं होतं, आता बरं आहे. मावशी ऐकायची आणि ताटात आणखी थोडं वाढायची. नवरा जेवतोय, एवढं तिला पुरे होतं. ती स्वतः मात्र घळीकडे एकदाही फिरकली नाही.

खात्यालाही तो उतार जाळायचा धीर झाला नाही. एकदा शांत दिवस मिळाले होते, पण टोळीतल्या बायका मशाली घेऊन त्या उतारापर्यंत गेल्या आणि पुढे कोणाचंच पाऊल उचलेना. राहू दे, म्हणून सगळ्या परत आल्या. रोपं गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी कचेरीतल्या मॅडम घरी आल्या. स्टुलावर अवघडून बसल्या. त्यांना काय बोलायचं ते मावशीने ओळखलं होतं.

“यंदा पाऊस वेळेत थांबलाय,” मॅडम म्हणाल्या. “गवत जसं हवं तसं आहे. पुन्हा असं वर्ष कधी मिळेल माहीत नाही. पण मावशी, तुम्ही नको म्हणालात तर मी त्या उताराला हात लावणार नाही. फक्त मग उन्हाळ्यात तिथे आग आली, तर पोरींना कोणत्या तोंडाने पाठवू ते मला सांगा.”

“टोळी आता कोणाकडे आहे?”

“ठकीच्या मैत्रिणीकडे. तीच सगळ्यांच्या पुढे असते.”

“आणि वाट?”

“घळीतलीच. दुसरी कुठून आणणार?”

दुपारी मावशी एकटी माळावर गेली. काकांनी प्रत्येक रोपाभोवती दगडांचं गोल आळं केलं होतं, बुडाशी वाळका पाला अंथरला होता. किती मायेने केलेलं काम होतं ते! आणि त्याच पाण्यावर, त्याच आडोशाला, मधल्या जागेत जुनी झुडपं फुटून तोंडाच्या उंचीला आली होती. वाटेवरून जाताना फांद्या गालाला लागत होत्या. मावशीने मूठभर गवत कानाशी धरून चुरलं. ते बरोबर आवाज करत होतं.

काका दुकानात एका मोटारीला तार गुंडाळत बसले होते. मावशी दारात उभी राहिली.

“अहो, घळीचा उतार जाळायला पाहिजे.”

काकांचा हात थांबला. “रोपांच्या भोवतीचं गवत मी साफ करतो. तेवढी वगळा.”

“घळीत वगळता येत नाही. झाडं ठेवली की त्यांच्या आसऱ्याने झुडपं राहतात. आणि पोरींना पळायला वाट तीच आहे.”

“मग काढून आणतो घरी.” पण हे म्हणता म्हणता त्यांनाच ते कळलं. “नाही. मुळं दगडांत गेलीत. ओढली तर तुटतील.” तारेचं टोक त्यांच्या बोटातून सुटलं आणि गुंडाळलेलं सगळं उलगडत गेलं. “किती वेळा जाळणार आहेस तिला?”

मावशीने तारेचं टोक उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“तेव्हाही तूच थांब म्हणालीस,” काका म्हणाले.

त्या दिवसापासून हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून मावशी रोज त्या वाक्याची वाट बघत होती. आता ते आलं. तिला वाटलं होतं की ते ऐकल्यावर आपण मोकळ्या होऊ. तसं काही झालं नाही. नुसतं दुखलं.

“हो, मीच म्हणाले,” ती म्हणाली. “उद्या त्या पोरींपैकी कोणाला तरी तिथेच कोणीतरी थांब म्हणेल. तिचीही आई कुठेतरी असेलच.”

काकांनी तार पुन्हा गुंडाळायला घेतली. त्या रात्री ते दुकानातच झोपले.

मावशीचे बूट ठकीच्या पायात गेले होते; जाळायच्या दिवशी ती चपलांवरच निघाली, तर ठकीच्या मैत्रिणीने शेडमधून दुसरे बूट आणून तिच्या पायाशी ठेवले आणि मान खाली घालून नाड्या बांधल्या. टोळी घळीशी पोचली तेव्हा काका तिथे आधीच होते. शेजारी दोन्ही कॅन रिकामे पडलेले. सगळ्या रोपांना त्यांनी पाणी घातलं होतं. बुडाशी चिखल झाला होता.

“काका, आता हे कसं पेटणार?” मैत्रीण रडकुंडीला आली.

“रोजचंच घातलं,” काका म्हणाले. “तहानलेली कशी पाठवू?”

जमीन सुकेपर्यंत थांबणं भाग होतं. ऊन वर येईपर्यंत सगळी टोळी उतारावर बसून राहिली. मॅडम सारख्या वाऱ्याकडे बघत होत्या. मावशी काकांपासून हातभर अंतरावर बसली. त्यांनी पिशवीतून डबा काढून तिच्याकडे सरकवला, कारण सकाळपासून तिने काही खाल्लं नसणार हे त्यांना माहीत होतं. तिने झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

चिखल सुकून भेगाळला तशी मावशी उठली. मशाल तिने दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. आग वरून लावली, म्हणजे ती उतरत उतरत, सावकाश जळते आणि माणसाच्या काबूत राहते. तिने झुडपं पेटवली, आणि मग एकेक रोप. प्रत्येक रोपापाशी तिचा हात आखडला. प्रत्येक वेळी तिने तो पुढे नेला. पानं आधी आवळली, मग काळी झाली. काका खाली उभे राहून बघत होते. त्यांनी तोंड फिरवलं नाही. काम बिनचूक झालं, कोणाला चटकाही बसला नाही. शेवटी घळ वरपासून खालपर्यंत मोकळी दिसायला लागली. मैत्रीण त्या वाटेने खाली आली आणि मावशीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

त्यानंतर घरात दोन माणसं राहत होती, एवढंच म्हणायचं. काका आत जेवायला यायचे, ताट धुवायचे, दुकानात जायचे. सकाळी माळाकडे जाणं त्यांनी बंद केलं. पुन्हा जेवण कमी झालं.

मग एका सकाळी न राहवून ते माळावर गेले आणि धापा टाकत परत आले. चप्पल काढायचंही भान नव्हतं. “चल,” म्हणाले, “चल लवकर,” आणि एका हातात पाण्याचा कॅन घेऊन, दुसऱ्याने मावशीचा हात धरून तिला ओढतच घेऊन गेले. काळ्या उतारावर गवताचे हिरवे तुरे उठले होते. काका एका जळक्या काटकीपाशी वाकले. काटकीच्या बुडाशी, राखेतून, एक लालसर कोंब वर आला होता.

“फुटलीत गं! सगळी! मी एकेक बघितलं.” ते पुढच्या काटकीकडे सरकले. “मुळं मेलीच नव्हती. आपण उगीच… बघ ना, कशी आलीत.”

मावशीला हे नवीन नव्हतं. माळावर जन्म काढलेल्या बाईला ते नवीन कसं असेल? माळावरची रोपटी भाजली तरी खालून पुन्हा उठतात. पुन्हा भाजतात, पुन्हा उठतात. तिच्या वयाची रोपटी होती त्या माळावर, अजून गुडघ्याच्या वर न गेलेली. तिने नवऱ्याला हे सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

“पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा कमरेएवढी होतील, नाही?” काका म्हणाले.

“होतील.”

“आणि मग?”

ते लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द खोटा बोलली असती तर ते त्या दिवशी पोटभर जेवले असते. मावशीला तो शब्द बोलवेना.

“मग मी पुन्हा जाळीन,” ती म्हणाली. “पाऊस साथ देईल त्या दर वर्षी. ती फुटत राहतील आणि मी जाळत राहीन. मोठी नाही व्हायची ती कधीच.”

काका हळूच त्या कोंबापाशी खाली बसले.

“ठकी पण आता तेवढीच राहणार,” ते म्हणाले.

पाण्याचा भरलेला कॅन बाजूलाच होता. मावशीने तो उचलला, पहिल्या कोंबाच्या बुडाशी पाणी घातलं, मग दुसऱ्याच्या, मग त्याच्या वरच्या. मागे काका राखेत बसून रडत होते, आणि तिला वळून त्यांच्याकडे बघता येत नव्हतं.